लिंक

"लिंक नाहीये."

बँकेच्या खिडकीतून एवढे दोन शब्द आले की रांगेतल्या प्रत्येकाला सगळं समजतं. पुढचं काही विचारायचं नसतं. परवा माझ्यापुढे धोतर-टोपीतले एक आजोबा उभे होते. त्यांनी फक्त "कधी येणार?" असं विचारलं, एसटीबद्दल विचारावं तसं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सांगता येत नाही." आजोबा बाकावर जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन. एसटीची सवय असलेला माणूस लिंकची वाट आरामात बघू शकतो, हे मला पटलं.

मग मीही त्यांच्या शेजारी बसले आणि डोक्यात हा शब्दच घोळायला लागला. केवढा घुसलाय तो आपल्या बोलण्यात! पॅन आधारला लिंक करायचं. मोबाईल खात्याला लिंक करायचा. "काय सांगत होते मी? लिंकच तुटली बघ." "त्याची मंत्रालयात लिंक आहे." "लिंक पाठव गं त्या रेसिपीची." मुंबईत तर रस्तेसुद्धा लिंक, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. २००९ पासून समुद्रातही एक लिंक उभी आहे, वांद्रे ते वरळी. आणि वांद्र्याचा लिंकिंग रोड! तो कशाला कशाशी जोडतो हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, पण चपला कुठल्या टोकाला स्वस्त मिळतात ते सगळे सांगतील.

शब्दांची कुंडली मांडायची मला जुनी खोड आहे. लिंक लवकर येणार नव्हतीच, त्यामुळे वेळही भरपूर होता.

तर लिंक हा शब्द इंग्रजीत आला पंधराव्या शतकात, उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून. आइसलँडमध्ये आजही साखळीच्या कडीला 'ह्लेक्कुर' म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. जर्मन भाषेत याच कुळातला 'गेलेंक' हा शब्द आहे, त्याचा अर्थ सांधा. मनगटाला ते 'हातगेलेंक' अशा अर्थाचा शब्द वापरतात. जुन्या इंग्रजीत जवळचाच एक शब्द होता, तो कड्याकड्यांच्या चिलखतासाठी. आता गंमत बघा. या सगळ्या कुटुंबाच्या मुळाशी जो जुना धातू मानतात, त्याचा अर्थ 'जोडणे' असा नाही. त्याचा अर्थ आहे वाकणे, वळणे!

हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच. लिंक म्हणजे जोड, हे आपण धरूनच चालतो. पण लोहाराच्या बाजूने बघा ना. त्याच्यापुढे सरळ सळई असते. ती तो तापवतो, वाकवतो, दुसऱ्या कडीतून ओवतो आणि मग तोंड मिटवतो. जोडणं शेवटी. आधी वाकवणं. सरळ सळया कितीही शेजारी शेजारी ठेवल्या तरी त्यांची साखळी होत नाही.

आणि दुसरं म्हणजे, कडीत ओवलेली कडी मोकळी असते. ती सुटत नाही, पण हलते. झोपाळ्याच्या पितळी कड्या आठवून बघा. त्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या असत्या तर झोपाळा झुललाच नसता. म्हणून जर्मनांचा सांधा आणि इंग्रजांची कडी एका घरातले. गुडघा जोडलेला असतो तो वाकण्यासाठीच. (ज्यांचे गुडघे माझ्यासारखे पन्नाशी ओलांडून पुढे गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

इंग्रजीत अजून दोन लिंका आहेत, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. गोल्फच्या मैदानाला म्हणतात ती 'लिंक्स' उंचवट्याच्या जमिनीसाठीच्या एका जुन्या शब्दावरून आली. आणि एके काळी लंडनमध्ये लिंक म्हणजे मशाल. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा पोरं हातात डांबरात बुडवलेली मशाल घेऊन उभी राहायची, चार पैसे घ्यायची आणि तुम्हाला घरापर्यंत पोचवायची. त्यांना लिंकबॉय म्हणत. लंडनच्या काही जुन्या घरांच्या दाराशी त्या मशाली विझवायला बसवलेले लोखंडी शंकू अजून आहेत. एखादा लिंकबॉय गिऱ्हाईक सरळ चोरांच्या गल्लीत नेऊन सोडायचा, असंही म्हणत. म्हणजे लिंक आली की तिच्याबरोबर फसवणूक आली, हे काही आजचं नाही. हल्ली अनोळखी मेसेजमधल्या लिंकवर टिचकी मारू नका म्हणून सांगतात, तेच.

असो. मला खरं सांगायचंय ते साखळीबद्दल.

१६२० साली लंडनमध्ये एडमंड गुंटर नावाच्या गणितज्ञाने जमीन मोजायची एक साखळी काढली. लांबी ६६ फूट, आणि तिच्यात कड्या बरोबर १००. ही प्रत्येक कडी म्हणजे एक 'लिंक'. हे चक्क लांबीचं माप होतं, ७.९२ इंचांचं. इतका विचित्र आकडा का? तर अशा १० चौरस साखळ्या झाल्या की होतो एक एकर, आणि ८० साखळ्या लांब गेलं की होतो एक मैल. मैल, फर्लांग, एकर ही इंग्रजांची वेडीवाकडी मापं त्या पठ्ठ्याने शंभराच्या हिशेबात बसवून टाकली. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डच का असते, असं मुलं विचारतात. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, म्हणजे गुंटरची एक साखळी. म्हणजे बुमराह धावत येऊन चेंडू टाकतो तो १०० लिंकांवर.

हिंदुस्थान मोजायची सुरुवातही साखळीनेच झाली. १८०२ साली विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली ती १०० फुटी पोलादी साखळीने, ४० लांब कड्यांच्या. ही साखळी आधी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. त्याने ती नाकारली आणि फिरत फिरत ती लॅम्टनच्या हाती आली. उन्हाने पोलाद वाढू नये म्हणून ती पेट्यांमधून, सावलीत ठेवून, तापमान टिपत वापरत. एका साखळीचे एवढे लाड!

आपल्याकडच्या शेतांवर फिरली ती मात्र निराळी, ३३ फुटांची. गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. मोजणीखात्यात तिला शंकू साखळी म्हणत आणि तिचे भाग १६, त्यांना नाव आणे. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट झाले की एक गुंठा, असे चाळीस गुंठे की एकर. करून बघा गुणाकार, एक चौरस फूटही इकडेतिकडे होत नाही. आज गुंठ्याचा भाव बोलणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा गुंठा म्हणजे एका साखळीचा चौकोन आहे?

मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात या साखळीच्या दीड आण्यावरून अठरा वर्षं अबोला होता.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. अण्णा (माझे वडील) आणि आबाकाका, दोघंच भाऊ. आजोबा गेल्यावर जमिनीची वाटणी झाली, मध्ये बांध पडला. १९८७ साली मोजणी झाली. मोजणीदाराने सांगितलं, बांध दीड आणा सरकलाय. एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच, दीड आणा म्हणजे जेमतेम तीन फूट. कुणीकडे सरकलाय ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिलं की हा लेख संपून भांडण सुरू होईल. अण्णांचं म्हणणं, बांध कोरलाय. आबाकाकांचं म्हणणं, साखळीच खोटी आहे. आता आबाकाकांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. साखळीच्या कड्या वापरून घासतात, त्यांची तोंडं उघडतात आणि साखळी लांबते. आणि कड्या वाकल्या किंवा त्यात चिखल बसला तर ती आखूड होते. सर्व्हेइंगच्या पुस्तकात यावर आख्खं प्रकरण असतं. पण हे प्रकरण तेव्हा दोघांपैकी कुणी वाचलेलं नव्हतं आणि वाचलं असतं तरी उपयोग झाला नसता.

एकच अंगण, समोरासमोर दोन दारं, आणि बोलणं बंद. काकू आणि आई विहिरीवर बोलायच्या, हळू आवाजात. आम्ही पोरं तर एकत्रच असायचो. अबोला फक्त दोघा पुरुषांचा, पण घरभर पसरलेला.

इथे एक शब्दांची गोष्ट सांगते, मला ती फार उशिरा कळली. बांध हा शब्द ज्या 'बंध्' धातूवरून आला त्याच धातूवरून बंधू आला, संबंध आला, भाऊबंद आला आणि अर्थातच भाऊबंदकीही आली. शेतं वेगळी करणारा तो बांध आणि माणसं जवळ आणणारा तो संबंध, मूळ एक. हा धातू इंग्रजीतही आहे. बाइंड, बॉन्ड, बँड हे सगळे आपल्या 'बंध'चे लांबचे चुलतभाऊ. आणि वाकणे या अर्थाचा 'बेंड'सुद्धा! धनुष्याला दोरी बांधली की ते वाकतं, त्यावरून बांधण्याचा शब्द वाकण्यासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे एकीकडे लिंकच्या पोटात वाकणं, दुसरीकडे बेंडच्या पोटात बांधणं. या भाषांनी आपसात काही ठरवलं होतं की काय कोण जाणे.

तर आत्या.

आत्या सांगलीला दिलेली. दर भाऊबीजेला यायची. दुपारी एका दारात ओवाळायची, संध्याकाळी दुसऱ्या दारात. अण्णा म्हणायचे, "आधी इकडे ये." आबाकाका म्हणायचे, "आधी इकडे." तिने वर्षाआड क्रम बदलायचं ठरवलं होतं आणि ते एका वहीत लिहून ठेवलं होतं! बाकी वर्षभर पोस्टकार्डं. नंतर फोन आले तेव्हा फोन. या घरात काय चाललंय ते त्या घरात आत्यामार्फत कळायचं, अंगण ओलांडून नव्हे, तर सांगलीवरून फिरून. इकडून सांगली, सांगलीहून परत इकडेच. अंतर चाळीस पावलांचं.

पण ती नुसती निरोप्या नव्हती. अण्णा गेल्यावर एकदा तिने मला सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "तुझ्या बापाचा एक निरोप मी कधी जसाच्या तसा दिला नाही. आबाचाही नाही. जसाच्या तसा दिला असता तर एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाडी घेऊन गेले असते." अण्णा म्हणायचे, "त्याला सांग, माझ्या मोटारीला हात लावलास तर बघून घेईन." आत्या तिकडे सांगायची, "अण्णा म्हणत होता, मोटारीला शॉक बसतोय, जपून रे बाबा." आबाकाका तिकडून जे काही म्हणायचे त्याचंही असंच काहीतरी होऊन इकडे यायचं.

२००५ साली आबाकाका साताऱ्याला हॉस्पिटलमध्ये होते. आत्याने अण्णांना फोन केला, "तुझं नाव घेतोय सारखा." अण्णा त्याच संध्याकाळी निघाले. मी बरोबर होते. खाटेशी स्टूल ओढून बसले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आबाकाकांनी विचारलं, "पाऊस आहे का तिकडं?" अण्णा म्हणाले, "हाय बारीक." मग विहिरीचं पाणी, मोटारीचं वायंडिंग, बैल विकला त्याचे पैसे, असं तासभर चाललं. बांधाचं नाव कुणी काढलं नाही. सहा दिवसांनी आबाकाका गेले. अण्णांनी खांदा दिला.

आबाकाकांनी अण्णांचं नाव घेतलंच नव्हतं. तेही आत्यानेच मला सांगितलं.

खरं-खोटं करत बसणाऱ्यांना हे खोटेपण वाटेल. मला नाही वाटत. माझ्या मते ती दोन्ही बाजूंना थोडी थोडी वाकत होती, एवढंच. मराठीत लिंकला दुवा हा शब्द आपण वापरतो. अरबीतून आलेला आणखी एक दुवा आपल्याकडे आहे, आशीर्वादाचा, दुवा द्यायचा तो. हे दोन शब्द वेगळे, पण आत्याच्या बाबतीत मला ते वेगळे काढता येत नाहीत.

संगणकावरच्या लिंकचंही यात थोडं नातं आहे. टेड नेल्सनने १९६५ साली हायपरटेक्स्ट हा शब्द काढला तेव्हा त्याच्या डोक्यात दुतर्फा दुवे होते. म्हणजे मी तुमच्याकडे बोट दाखवलं की तुमच्याकडेही ते उमटलं पाहिजे, दोन्ही टोकांना एकमेकांची खबर हवी. टिम बर्नर्स-लीने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये वेबची योजना मांडली, ती एकतर्फी दुव्यांची. ते सोपं होतं, म्हणून जगभर पसरलं. पण त्यात एक होतं. समोरचं पान गेलं तरी इकडच्याला पत्ता लागत नाही. दुवा दिसतो निळा, अधोरेखित, व्यवस्थित. टिचकी मारल्यावर कळतं की पलीकडे कुणी नाही.

आत्या २०२२ मध्ये गेली. दहाव्याला सगळे जमले होते. तिथेच कुणीतरी व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढला. ६३ जण आहेत त्यात. रोज सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतात. आबाकाकांचा मुलगा, आमचा भाऊ, तोही आहे. तो कधी काही लिहीत नाही, मीही फारसं लिहीत नाही. त्याच्या निळ्या खुणा उमटतात, त्यावरून समजायचं की आहे ठीक. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना एक फोन केलेला नव्हता. भांडण काही नव्हतं. फक्त सांगलीवरून फिरून येणारा रस्ता बंद झाला आणि अंगणातून जायची सवय कुणाला लागलेलीच नव्हती.

आणि गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाने बंगळूरहून मोजणीचा अर्ज केला. हद्द कायम मोजणी. त्याला तारेचं कुंपण घालायचंय, त्याचं त्यात चुकीचं काही नाही, हद्द माहीत हवीच. पण लगतच्या खातेदाराला नोटीस जाते. भाऊच्या घरी ती नोटीस पोस्टमनने दिली असणार, सरकारी शिक्क्याची, आमच्या नावाची. आमच्या तोंडचं एक अक्षर न जाता ती गेली. १९८७ चीही अशीच गेली होती.

धाकटा म्हणाला, "त्यात काय, कायद्याने जाते ती." बरोबर. कायद्याने जसंच्या तसंच जातं.

दोन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. काय बोलायचं ते जुळेना. नोटीस मिळाली का विचारावं, तर नोटिशीसाठीच फोन केला असं होणार. नाही विचारावं, तर लपवलं असं होणार. आत्याने काय केलं असतं याचा अंदाज होता, पण ती करायची ते मला जमण्यासारखं नाही, माझ्या तोंडून थाप निघाली की लगेच ओळखू येते. शेवटी रविवारी सकाळी लावलाच.

"कोण बोलतंय?" नंबर त्याच्याकडे सेव्ह नव्हता.

मी नाव सांगितलं. म्हणाला, "बोल." मग दोघंही गप्प. मी विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?" आणि विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाचं वाक्य बोलले.

म्हणाला, "हाय बारीक." मग स्वतःच म्हणाला, "ते मोजणीचं कागद आलं बरं का."

मी सांगितलं, धाकट्याला कुंपण घालायचंय, तुझ्याबद्दल काही मनात नाही, पण आधी फोन करायला हवा होता. तो म्हणाला, "आता साखळी नसते म्हणं. काठीवर यंत्र असतंय, रोव्हर. वरनं उपग्रह बघतो." मी म्हटलं, हो, सेंटिमीटरपर्यंत सांगतात म्हणे. "मग आपला दीड आणा किती सेंटिमीटर?" त्याने विचारलं. मी हिशेब आधीच करून ठेवला होता. चौऱ्याण्णव. तो हसला की खोकला ते फोनवर नीट कळलं नाही.

मोजणी चौदा तारखेला आहे. मी आदल्या दिवशी मुक्कामाला जाणार आहे. वहिनीने फोन घेऊन सांगितलं, उतरायचं आमच्याकडंच, तिकडचं घर बंद आहे, उंदीर झालेत. आणि भाऊने मागून ओरडून सांगितलं की अण्णांकडची जुन्या मोजणीची नक्कल आठवणीने आण, आमच्याकडची वाळवीने खाल्ली.